करारातलं चौथं कलम

शुक्रवारी, गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये
बाबा कपाटाचं दार उघडायचे
आणि टांगलेल्या कपड्यांत क्लॅरनेटचं तोंड खुपसून वाजवायचे.
शेजारी नाइट शिफ्टचे, झोपलेले.
आईच्या शालूनं किती वराती पिऊन टाकल्या असतील,
कोण जाणे.

आटपाडीच्या बँडमधला माणूस
बहारीनच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडायला आलेला,
पुढं फोरमन झाला, म्हणून आम्हाला आणता आलं.
मी सहा वर्षांची. मला एकच काम:
सूर धर.
सनईवाल्याच्या मागं एक जण नुसता सूर धरून बसतो ना,
गाल फुगवून, डोळे कुठंतरी लावून,
तसं.
खिडकीतला एसी ज्या स्वरात घुमायचा, तो माझा षड्ज.
कॉम्प्रेसर बंद पडला
तरी मी पडायचं नाही.

एकदा मुहर्रकला, वर्गातल्या दानाच्या घरी
तिच्या आजोबांची मंडळी जमलेली.
मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांची गाणी.
एक जण एकटाच वर वर चढत गेला
आणि बाकीचे खाली, पोटातून,
समुद्राच्या तळाला टेकलेला एक घूं.
मला न्यायला आलेले बाबा
चपला हातात घेऊन दारातच उभे.
परतताना पुलावर एवढंच म्हणाले,
"सूरवाले सगळीकडं मागंच बसतात."

मीही बसले. जुफैरच्या हॉटेलात,
रेनाटोच्या बँडमागे, सहा वर्षं
नुसतं ऊ आणि आ.
पोस्टरवर रेनाटोची टोपी.
माझ्या कार्डावर हुद्दा: स्टोअर कारकून,
कारण गायिकांचा कोटा भरलेला.
जॅझ म्हणजे काय, ते तोच शिकवायचा, सिगरेट विझवता विझवता:
तालाच्या मागं रेंगाळ, पण उशीर करू नकोस.
आणि तो गंधार,
धड कोमल नाही, धड शुद्ध नाही,
दोन घरांच्या मधल्या बोळात उभा.
घरी गाऊन दाखवला तर बाबा हसले,
"हा होय! हा वरातीत रोज यायचा,
रीड ओली झाली की."

रात्री एकला भटारखान्यात, उभ्यानं, उरलेला भात.
आई विचारायची, जेवलीस का.
बाबा विचारायचे नाहीत.
बँडवाल्यांची पंगत शेवटची, मांडवाबाहेर,
तोवर जिलेबी संपलेली,
हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मग रेनाटोचा गुडघा गेला, रेनाटो सेबूला गेला.
मॅनेजर कुरियन फॉर्म भरत म्हणाला,
"हौसा? हाउस? म्हणजे हाउस बँड?"
म्हटलं, नाही. हौसा ऐवळे. एकटीच.
करारात तीन कलमं होती: पगार, वेळ, कपडे.
चौथं मी हातानं घातलं,
खाली जागा नव्हती म्हणून समासात, उभं:
गाण्याआधी जेवण. टेबलावर. दोन माणसांचं.

पहिल्या रात्री बाबा सफारी घालून आले.
रुमाल मांडीवर घ्यायचा, हे शेजारच्या टेबलावर बघून घेतलं.
सूप. मासा. पुन्हा पाव मागितला,
वाढपी खरंच येतो का ते बघायला. आला.
नऊचे सव्वानऊ झाले.
पियानोवाली घड्याळाकडं, कुरियन खांबाआडून माझ्याकडं.
जेवू दे की.

मी उठले. माइक पुरुषाच्या उंचीला लावलेला, खाली ओढला.
मागं कुणी नाही.
छतातला एसी महागडा, तो कुठल्याच स्वरात बोलत नाही.
पहिली ओळ सोडली
आणि पाय थंड पडले,
पायरी आहे समजून अंधारात टाकलेल्या पावलासारखे.

तीन नंबरच्या टेबलावर बाबा,
गाल फुगलेले, डोळे कुठंतरी लावलेले.
कस्टर्डचा घास होता
की काय होतं,
मी अजून विचारलेलं नाही.